जहाजावरची पंगत

कार्तिकी पौर्णिमा उलटली, साधू-साध्वीजींचा विहार सुरू झाला आणि आपल्या घरोघरी प्रवासाची बोलणी निघू लागली. पूर्वी ही बोलणी शिखरजी, पालिताणा, शंखेश्वर यांची असत, आजही असतात. परंतु अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक नाव ऐकू येते, ते म्हणजे क्रूझ. चंद्रपूरच्या कापडदुकानात, मूलच्या राईस मिलच्या गादीवर, वडशाच्या किराणा पेढीवर ‘यंदा मुलांना जहाज दाखवू’ असे सहज म्हटले जाते. ज्या घरांनी तीन पिढ्या वैनगंगेहून मोठे पाणी पाहिले नाही, ती घरे आता मुंबईहून, दुबईहून, सिंगापूरहून समुद्रावर निघतात. यात वावगे काही नाही. व्यापाऱ्याच्या मुलाने जग पाहावेच.

या सहलीची नोंदणी करताना एक प्रश्न विचारला जातो. रात्रीचे भोजन आपण कोठे घेणार? मुख्य भोजनदालनात, म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर, नीटनेटक्या पोशाखात. की वरच्या मजल्यावरील बुफेत, म्हणजे सवडीप्रमाणे, साध्या कपड्यांत, स्वतःच्या हाताने वाढून घेऊन? बहुतेक जण या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या मिनिटात देतात. आम्हीही तसेच दिले आणि चुकलो. ती चूक इतरांच्या हातून घडू नये, म्हणून आजचे हे लेखन.

प्रथम ही दोन दालने कशी चालतात ते समजून घेऊ. मुख्य भोजनदालनात बहुतेक मोठ्या जहाजांवर रात्री दोन पंगती होतात. पहिली साधारण सहा-साडेसहाला बसते, दुसरी सव्वाआठ-साडेआठला. प्रत्येक कुटुंबाला टेबलाचा क्रमांक मिळतो आणि सहसा रोज तेच वाढपी त्या टेबलाकडे पाहतात. पदार्थ एकामागून एक येतात आणि जेवण दीड-दोन तास चालते. आठवड्याच्या सफरीत एखाद-दुसरी रात्र विशेष पोशाखाची असते. त्या रात्री सूट-टायच घालावा लागतो असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात रेशमी साडी आणि बंदगळा तेथे सन्मानाने चालतात. बुफेचे तंत्र उलटे. तो दिवसाचा पुष्कळ वेळ खुला असतो, टेबल ठरलेले नसते, वाढपी फक्त रिकामी ताटे उचलतो. काय घ्यायचे आणि किती घ्यायचे, हे सर्वस्वी ज्याचे त्याच्यावर.

वरवर पाहता ही निवड थाट आणि मोकळेपणा यांमधील आहे. इतरांसाठी ती तेवढीच असेलही. आपल्या घरांसाठी मात्र तिच्यात आणखी दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक सूर्य आणि दुसरी पळी.

सूर्याचे आधी पाहू. ज्यांचा चौविहार आहे, त्यांनी सूर्यास्तानंतर अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही प्रकारच्या आहाराचा त्याग केलेला असतो. अनेक घरांत तर सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधीच जेवण आटोपण्याची रीत आहे. घरी असताना हे घड्याळ आपल्या अंगवळणी पडलेले असते. परंतु ते घड्याळ गावाचे असते, हे आपण विसरतो. चंद्रपूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेसहा रेखांश आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २६ मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरात चंद्रपूरला पावणेसहाच्या आतच सूर्य बुडतो, तेव्हा मुंबईत तो अजून क्षितिजाच्या वर असतो.

समुद्रावर तर हा फरक आणखी वाढतो. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तेथे वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपास असतो. सहाच्या पंगतीत बसले तर चौविहार सांभाळता येतो. दुबईला डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे तेथील पहिली पंगतदेखील रात्रीचीच. जहाज पुढे दोहाला गेले, तर तेथील घड्याळ दुबईच्या एक तास मागे आणि सूर्यास्त पाच वाजण्याच्याही आधी. अशा वेळी जहाजाने आपले घड्याळ बदलले की नाही, हे विचारून घ्यावेच लागते. उलट जुलैमध्ये बार्सिलोनाला सूर्य नऊनंतर मावळतो, तर जूनमध्ये अलास्कातील जूनो येथे दहाच्या सुमारास. तेथे दोन्ही पंगती दिवसाउजेडी होतात. म्हणजे ‘पहिली पंगत घ्यावी की दुसरी’ याचे उत्तर कोणत्या बंदरातून आणि कोणत्या महिन्यात निघणार, यावर अवलंबून आहे. पोशाखाशी त्याचा काही संबंध नाही.

हे समजायला समुद्रापर्यंत जाण्याची गरजही नव्हती. ताडोब्याला मोहर्लीच्या बाजूने मुक्काम केलेल्यांना हा अनुभव आहेच. दुपारची सफारी सूर्यास्ताच्या सुमारास संपते आणि रिसॉर्टचे भोजनगृह त्यानंतर उघडते. वाघ पाहून परतलेला चौविहारी श्रावक तसाच उपाशी झोपतो, किंवा जिप्सीत बसण्यापूर्वी डबा उघडतो. जंगलात आपण डबा नेतो, कारण जंगलात सोय नसते हे आपण गृहीत धरतो. जहाजावर मात्र सगळी सोय असते, म्हणून आपण विचार करणे सोडून देतो.

आमच्या घरी नेमके हेच झाले. गेल्या डिसेंबरात आम्ही सात जण नागपूरमार्गे दुबईला गेलो : यजमान, दीर-जाऊ, मुले-पुतणे आणि सासूबाई. सासूबाईंचे वय ७४. चौविहार गेली चाळीस वर्षे. अर्ज भरताना मुलांनी साडेआठची पंगत निवडली. बंदरावर दिवसभर हिंडून यायचे, तयार व्हायचे, मग थाटात जेवायचे असा बेत होता. सासूबाईंचे काय, असा प्रश्न कोणीच काढला नाही. ‘बुफे तर आहेच,’ असे म्हणून आम्ही तो विषय मिटवला. जैन भोजनाची विनंती आधीच नोंदवली होती, एवढ्यावर माझे समाधान होते.

दुसऱ्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रावरच होते आणि भोजनदालन दुपारीही उघडे होते. आम्ही सर्व जण तेथे बसलो. वरण, भात, दुधी भोपळ्याची भाजी असे साधे जैन जेवण समोर आले; सासूबाई प्रसन्न होत्या. जेवण संपल्यावर त्यांनी पेल्यातील थोडे पाणी चिनी मातीच्या पांढऱ्या शुभ्र ताटात ओतले आणि बोटांनी ताट धुऊ लागल्या. थाळी धुऊन ते पाणी पिण्याचा त्यांचा नेम आहे. उष्ट्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होऊ नये, अन्नाचा कणही वाया जाऊ नये, हा त्यामागचा विचार आपण सारे जाणतो. मीही जाणते. परंतु शेजारच्या टेबलावरील दोन माणसांनी मान वळवली, आणि माझ्या तोंडून शब्द गेले, “आई, इथे नको. लोक बघताहेत.”

त्यांनी हात आवरला. काही बोलल्या नाहीत. वाढप्याने ते ताट पाण्यासकट उचलून नेले.

त्या संध्याकाळी पाचच्या सुमारास मी त्यांच्या खोलीत डोकावले. त्या पलंगाच्या कडेला बसून खाखरा आणि सुकी चटणी खात होत्या. खाली टॉवेल अंथरला होता, चुरा सांडू नये म्हणून. मी म्हटले, “आई, वर बुफेत का नाही गेलात?” त्या म्हणाल्या, “तिथं काय कशात आहे, मला वाचता येत नाही. कोणाला विचारायचं? आणि मला खाखरा पुरतो. तुम्ही जा, मुलं वाट बघत असतील.”

साडेआठला आम्ही नटूनथटून भोजनदालनात बसलो. सातपैकी एक खुर्ची रिकामी होती. वाढप्याने विचारले, मॅडम आजारी आहेत का? यजमानांनी नाही म्हटले. पुढे काय सांगायचे, ते कोणालाच सुचले नाही.

तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. सेवाग्राम आपल्यापासून फार दूर नाही, त्यामुळे गांधीजींचे आत्मचरित्र आपल्या भागात पुष्कळांनी शाळेतच वाचलेले असते. १८८८ च्या सप्टेंबरात अठरा वर्षांचे मोहनदास मुंबईहून बोटीने विलायतेस निघाले. निघण्यापूर्वी त्यांच्या मातोश्रींच्या समाधानासाठी मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांना देण्यात आली. ती देणारे बेचरजी स्वामी हे जैन साधू होते. बोटीवर भोजनाचे रीतसर दालन होते. परंतु काट्या-चमच्याने जेवता येत नाही आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडस होत नाही, म्हणून मोहनदास त्या दालनात गेलेच नाहीत. बरोबर आणलेली मिठाई आणि फळे खोलीत बसून खात त्यांनी प्रवास काढला. त्यांच्याच खोलीतील सहप्रवासी वकील सर्वांत मोकळेपणाने मिसळत होते. यांना मात्र ते जमत नव्हते.

प्रतिज्ञा पाळण्यासाठी खोलीत कोंडून घ्यावे लागत नाही, हे त्या तरुणाला पुढे उमगले. पण त्या वेळी तो एकटा होता, परका होता, त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. माझ्या सासूबाईंबरोबर मात्र सहा जण होते. तरीही त्यांच्यावर खोलीत बसून खाखरा खाण्याची वेळ आली आणि ती आणली मी. त्या बोटीला आता १३५ हून अधिक वर्षे झाली. जहाजे बदलली, स्वयंपाकघरे बदलली, ‘जैन’ हा शब्द परदेशी आचाऱ्यालाही ठाऊक झाला. बदलली नाही ती आपली भीड.

त्या रात्री प्रतिक्रमण आटोपून सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे हात जोडून ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हटले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, “उद्या जहाज कुठं थांबणार आहे?” एवढेच.

दुसऱ्या सकाळी यजमान आणि मी भोजनदालनाच्या मुख्य वाढप्याला भेटलो. त्याने अगदी सहजपणे उपाय सांगितला. रात्रीचे जैन भोजन आदल्या दिवशी निवडून सांगा. ते वेगळ्या भांड्यात तयार करून पावणेपाचला बुफेच्या एका ठरलेल्या खिडकीपाशी झाकून ठेवू. त्या दिवसापासून आम्ही सातही जणांनी सूर्य असताना, जहाजाच्या मागच्या बाजूच्या उघड्या गच्चीवर एकत्र जेवण केले. मुलांनी कुरकुर केली नाही असे मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी केलीच. विशेष पोशाखाच्या रात्री मात्र आम्ही साडेआठला दालनात गेलो. सासूबाईही आपली मोतिया रंगाची रेशमी साडी नेसून आल्या. त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही; नातवंडांनी थोडे गोड घेतले. तेंदूपत्त्याच्या हंगामात आमचे सासरे अहेरीकडील जंगलात मुक्कामाला असत, तेव्हा दिवस मावळण्याआधी पळसाच्या पानावर कसे जेवत, हे त्या मुलांना सांगत बसल्या. साडेआठच्या पंगतीची खरी मौज आम्हाला त्या रात्री कळली.

आणि ती थाळी? पुढच्या दुपारी माझ्या मुलीने जेवण संपताच आधी स्वतःच्या ताटात पाणी ओतले. वाढप्याला वाटले, काही चुकले. तिने दोन-तीन वाक्यांत त्याला सांगितले. नंतरच्या दुपारी कोमट पाण्याचे भांडे न मागता आमच्या टेबलावर आले.

आता पळीविषयी. बुफेत पदार्थ शेजारी-शेजारी मांडलेले असतात आणि पळ्या, चिमटे हातोहाती फिरतात. सामिष पदार्थातील चिमटा शाकाहारी पदार्थात जाणे ही तेथील नित्याची गोष्ट. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. शिवाय ‘शाकाहारी’ अशी पाटी असली तरी आपले काम भागत नाही. कांदा, लसूण, बटाटा, मशरूम हे तर त्यात असतातच. केकमध्ये अंडे, जेलीत जिलेटिन, काही चीजमध्ये प्राणिज रेनेट आणि गोड पदार्थात मद्याचा अंश असू शकतो. परमेसान हे चीज परंपरेने प्राणिज रेनेटनेच तयार होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. बुफेत हे विचारायला समोर कोणी नसते, असला तर मागे रांग असते. भोजनदालनात हाच प्रश्न वाढप्याला शांतपणे विचारता येतो, तो स्वयंपाकघरातून उत्तर आणतो, आणि तेच माणूस रोज भेटत असल्यामुळे तिसऱ्या दिवशी विचारावेही लागत नाही. म्हणून शुद्धतेच्या दृष्टीने दालन बरे आणि वेळेच्या दृष्टीने बुफे बरा, असा हा पेच आहे. दोहोंचे गुण एकत्र करण्याचा मार्ग म्हणजे दालनाच्या स्वयंपाकघरातून सांगून घेतलेले जेवण सूर्यास्तापूर्वी मिळवणे. ते मिळते, पण त्यासाठी तोंड उघडावे लागते.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. नोंदणी करतानाच जैन भोजन लिहून द्यावे आणि जहाजावर पाऊल ठेवताच पुन्हा सांगावे. ‘जैन’ एवढाच शब्द पुरेसा समजू नये. काय चालत नाही त्याची छोटी इंग्रजी यादी छापून जवळ ठेवावी आणि मुख्य वाढप्याच्या हाती द्यावी. प्रत्येक बंदराची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ निघण्यापूर्वीच लिहून काढावी. नवकारशी करणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो. विजेची किटली नेऊ नये. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर ती चढतानाच काढून घेतात. पक्के पाणी पिणाऱ्यांनी उकळलेले पाणी दालनातच मागून घ्यावे. बंद पाकिटातील खाखरे, सुका मेवा जवळ असावा. पण तो अडीअडचणीसाठी, घरातील वडीलधाऱ्यांची रोजची सोय म्हणून नव्हे.

आपल्या परंपरेत सहा बाह्य तपे सांगितली आहेत. त्यांतील पहिली चार, अनशन, ऊनोदरी, वृत्तिसंक्षेप आणि रसत्याग, ही आहाराशीच निगडित आहेत. बुफेच्या पन्नास पदार्थांपुढे दोनच घेऊन परतणे हा वृत्तिसंक्षेपाचा अभ्यास होऊ शकतो आणि भरल्या दालनात चार घास कमी खाऊन उठणे हा ऊनोदरीचा. तेव्हा एक दालन धर्माचे आणि दुसरे अधर्माचे, असे मी म्हणणार नाही. समुद्र ओलांडण्यालाच पूर्वी विरोध होता. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस आचार्य विजयानंदसूरीश्वरजी साधुमर्यादेमुळे जाऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठविले. तरी परतल्यावर समाजातील काहींनी त्यांच्या समुद्रप्रवासावर आक्षेप घेतलाच. आज त्या नावाचा आपल्याला अभिमान वाटतो. प्रवासाने धर्म बुडत नाही. घरातील ज्याने नेम धरला आहे, त्याला एकटे पाडले की मात्र घरातील धर्म हळूहळू खोलीच्या दाराआड जातो आणि मुलांच्या दृष्टीआड होतो.

परत आल्यावर आम्ही भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथ प्रभूंच्या दर्शनास गेलो. तेथील भोजनशाळेत संध्याकाळचे जेवण दिवसाउजेडी आटोपते. सातही जण एकाच ओळीत बसलो. पाणी ओतून थाळी धुताना कोणी कोणाकडे पाहिले नाही, कारण सगळेच तेच करीत होते. मला वाटले, आपली रीतसर पंगत खरे तर ही आहे; तिचे नियम कोठे लिहिलेले नाहीत, एवढेच.

तेव्हा वाचकहो, यंदा आपल्या घरी जहाजाचा अर्ज आला, तर दालन की बुफे या प्रश्नापुढे खूण करण्यापूर्वी तो कागद घेऊन घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीपाशी बसा आणि विचारा : आपण किती वाजता जेवता? आम्ही चाळीस वर्षे एका घरात राहिलो, म्हणून हा प्रश्न विचारण्याची गरज आम्हाला कधी वाटली नाही.

जय जिनेंद्र.